शहादेवचे पाय

खाटेवर बसून पाय हलवू नयेत, घरात भांडणं लागतात, असं म्हाताऱ्या माणसांनी शहादेवला शंभरदा सांगितलं असेल. त्याचा उजवा गुडघा तरीही हलायचाच. पंगतीत मांडी घालून बसला तरी पत्रावळीजवळ त्याचा गुडघा उडत राहायचा आणि शेजारचा आपली पत्रावळ जरा लांब सरकवायचा. आजार नंतर आला. हे आधीपासूनच होतं.

माणूसच फिरस्ता. उमापूरकडच्या आमच्या भागात सहकारी साखर कारखाना आहे, तिथं तो सत्तावीस वर्षं चिटबॉय होता. कुणी किती ऊस लावला याची नोंद घ्यायची, कुणाची तोड कधी ते बघायचं, तोडीची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात द्यायची, हे त्याचं काम. आधी सायकल, मग लुना. चिठ्ठी मिळाली नाही म्हणून लोक त्याच्या मागं धावत आणि चिठ्ठी देऊन झाली की हा पुढच्या शिवाराला पळे. चहा उभ्यानं, जेवण बांधावर. बायको वत्सलाबाई म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. सासूबाईंनी जल्मतानाच बांधली."

कारखान्यानं एकदा कामगारांची तपासणी केली, तेव्हा त्याचं बीपी फार वाढलेलं निघालं. दोन महिने गोळ्या घेतल्या आणि सोडून दिल्या. गोळ्यांनी माणूस मंद होतो, असं त्याचं म्हणणं. गुडघे दुखले की मात्र मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायचा आणि दिवस ढकलायचा. अशी चारपाच वर्षं गेली. दोन हजार पंधराच्या पोळ्याला त्याचं तोंड सुजलं, भाकरीचा वास आला तरी उलटी व्हायला लागली. बीडला नेलं. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस, दर वेळी चार तास, आणि हे जन्मभर.

"जल्मभर चालंल," शहादेव डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "पण चार तास एका जागी?"

त्या दवाखान्यात डायलिसिसच्या पाच मशिनी होत्या. मशिनी बघायचा पंडित, सिरसाळ्याचा. आईबाप ऊसतोडीला जायचे. पंडित शिकून टेक्निशियन झाला होता, दोन लेकरांचा बाप होता, बोलायला सरळ. पहिल्याच दिवशी त्यानं सुया टोचायच्या आधी शहादेवला समजावून सांगितलं. एका सुईतून रक्त बाहेर येणार, त्या पांढऱ्या नळकांड्यातल्या जाळीतून फिरणार, त्यातली घाण पाण्यात उतरणार, दुसऱ्या सुईतून रक्त परत आत.

"एका टायमाला बाहेर किती असतंय?"

"पेलाभर."

"आन् ते बाहेरच गोठलं तर?"

"गोठू नये म्हणून औषध घालतो आप्पा. हेपरिन. रक्त पातळ राहतं."

"मंग आंगातलं पण पातळच ऱ्हाणार की."

पंडित हसला. पहिल्याच दिवशी हे कुणी विचारत नव्हतं. "ऱ्हातं काही तास," तो म्हणाला. "म्हणून तर सुई काढल्यावर दाबून धरायचं."

शहादेवनं नळीतलं आपलं रक्त पाहिलं. लाल नळी चाकाखालून सरकत होती. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं होतं. पहिला तास गेला, दुसरा गेला. मग पाठीला खाज सुटली. मग पोटरीत गोळा आला, असा की त्यानं दात खाल्ले. आणि मग पायांत ते सुरू झालं.

काय सुरू झालं, हे त्याला सांगता यायचं नाही. दुखत नव्हतं, मुंग्याही नव्हत्या. "हाडाच्या आत कायतरी वळवळतंय," असं तो म्हणायचा, "आन् पाय हलवला की तेवढ्यापुरतं थांबतंय." म्हणून तो पाय हलवायचा. पाय हलला की अंग हले, अंग हललं की हातातली सुई हले आणि मशिन कोकलायला लागे. पंडित धावत येई. "आप्पा, हात गप ठेवा." पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा तेच.

खाजेवर इंजेक्शन देत. ते दिलं की डोळे जड होत, खाज थोडी उतरे. पाय मात्र उतरत नसत. डोळे मिटायला आलेले आणि पाय पळायला निघालेले. शेजारच्या खाटेवर लिंबागणेशचे धोंडीराम असत. शांत माणूस, दोन वर्षांपासून डायलिसिसवर होता. ते म्हणायचे, "शहादेवा, माळ घे. जप कर."

"जप करायला पण मन जाग्यावर पायजे धोंडीराम. माझं मन पायात हाय."

दिवाळीपर्यंत त्यानं नवा रिवाज पाडला. अडीच तास झाले की, "काढा मला." पंडितनं समजावलं, रागावला, कागदावर सही घेतली, की मी माझ्या मर्जीनं लवकर उतरतोय. शहादेव सही करायचा आणि सुटायचा. बसस्टँडवर बस लागेपर्यंत तो फलाटावर इकडून तिकडं फेऱ्या मारायचा आणि वत्सलाबाई पिशवी घेऊन बाकावर बसायची.

लवकर उतरल्यानं अंगातलं पाणी पुरतं निघायचं नाही. दिवसाला अर्धा लिटर पाणी, एवढीच त्याला मुभा होती. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यात धरून. त्या वर्षी गावात टँकर यायला लागला होता. लोक टँकरमागं धावत होते, आणि टँकर भरून आला तरी ह्या माणसाला तांब्याभर पिता येत नव्हतं. वत्सलाबाई त्याला जीभ ओली करायला लिंबाची फोड द्यायची. घरी तिनं सगळं करून पाहिलं. काशाच्या वाटीनं तळपाय घासले. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, तर उतरवूनही टाकलं. पाय ऐकत नव्हते.

जानेवारीतल्या एका गुरुवारी फार वाईट झालं. दोन तास झाले होते. पाय आवरेनात, म्हणून शहादेव सांगायच्या आधीच खाटेवरून उभा राहिला. उभा राहिला आणि डोळ्यापुढं अंधारी आली. रक्तदाब एकदम पडला होता. तो कोसळला तसा हात ओढला गेला आणि सुई निम्मी बाहेर आली. पंडितनं त्याला उचलून आडवा केला, पाय वर घेतले, सलाईन सोडलं. हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. तासाभरानं बरं वाटलं, पट्टी घट्ट बांधली, आणि पंडित नको नको म्हणत असताना हा गडी बस पकडायला निघाला.

बीड सोडून अर्धा तास झाला असेल. बस भरलेली. वत्सलाबाईला वाटलं, कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली. मांडी ओली लागली म्हणून तिनं खाली बघितलं तर तिचं लुगडं लाल झालं होतं. पट्टी भिजून थेंब गळत होते. समोरची बाई किंचाळली. कंडक्टर आला, त्यानं घंटी ओढली. वत्सलाबाईनं पदर फाडला नाही की आरडाओरडा केला नाही. पंडितनं दाखवलं होतं तसं बरोब्बर भोकावर दोन बोटं ठेवली आणि दाबून धरली.

"गाडी थांबवू नका," ती कंडक्टरला म्हणाली. "चालू द्या. मी धरलंय."

गेवराई येईपर्यंत तिनं बोटं उचलली नाहीत. बोटं बधिर झाली होती, नंतर संध्याकाळपर्यंत तिला भाकरी थापता आली नाही. शहादेव खिडकीकडं तोंड करून बसला होता. त्याचे पाय बाकाखाली चालूच होते. तो म्हणाला, "वत्सला, मला न्हाई जायचं आता तिकडं."

"कावून?"

"जनावराला पण दावं लांब असतंय गं."

 सोमवारी पहाटे तिनं भाकरी बांधली आणि त्याच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या. तो गेला. त्याच्यासमोर ती कधी रडली नव्हती, त्या दिवशीही रडली नाही. ती दवाखान्यात पोचली आणि खाटेकडं न जाता थेट डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, मला एक सांगायचंय. अडाणी हाय मी, चुकलं तर माफ करा."

"बोला मावशी."

"ती खाजेची सुई देता न्हवं, ती दिली की ह्यांचे पाय जास्त नाचत्यात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कशावरून?"

"मागच्या महिन्यात ती सुई संपलती. दोन खेपा दिली न्हाई. त्या दोनी खेपांना खाजवून खाजवून पाठ सोलली, पण पाय गप व्हते. तीन तास झोपले हे. मंग पुन्हा सुई आली आन् पुन्हा पाय सुरू."

पंडित दारात होता. त्यालाही त्या दोन खेपा आठवल्या. शहादेव तेव्हा सहीचा कागद न मागता थांबला होता, आणि आपण त्याचं कारण शोधलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

डॉक्टरीणबाईंनी आधीचे कागद काढले, रक्त तपासायला पाठवलं. मग शहादेवच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसल्या आणि पहिल्यांदा त्याला पायांबद्दल सगळं विचारलं. विश्रांतीला टेकलं की वाढतं का, चाललं की थांबतं का. त्या म्हणाल्या, हा नुसता चुळबुळा स्वभाव नाही, हा आजार आहे, मूत्रपिंडं गेलेल्या पुष्कळ लोकांना होतो. अंगातलं लोह कमी झालं की वाढतो, आणि खाजेच्या काही औषधांनीही वाढतो. मावशींनी बरोबर ओळखलं.

सुई बंद झाली. लोहाचं इंजेक्शन मशिनच्या नळीतूनच द्यायला सुरुवात झाली. डायलिसिस झाल्यावर घ्यायला एक छोटी कॅप्सूल दिली. ती पायांवर चालते आणि खाजेवरही, पण मूत्रपिंडं चालत नसताना अंगात साठते, चक्कर येते, म्हणून एकच, जास्त नाही. डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी घ्यायची नाही, म्हणजे रक्तदाब पडणार नाही. हेपरिन कमी केलं आणि शेवटच्या तासात बंद ठेवलं, म्हणजे घरी जाताना भोक वाहणार नाही. मशिनमधलं पाणी थोडं थंड ठेवलं. शहादेव कुरकुरला, "थंडी वाजती," तर वत्सलाबाईनं घरून घोंगडी आणली.

पहिली कॅप्सूल घेतली त्या दिवशी बसमध्ये त्याला गरगरलं. दुसऱ्या आठवड्यात काहीच वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी तो खाटेवर पडला आणि धोंडीरामांशी कारखान्याच्या गोष्टी करत राहिला. पंडित सुया काढायला आला तेव्हा शहादेवनंच विचारलं, "कावून, काय झालं?"

"चार तास झाले आप्पा."

शहादेवनं पायांकडं बघितलं. अजून बारीक हलत होते, पण ती त्याची जुनीच सवय.

आता सगळं सुरळीत होईल असं वाटायला लागलं, आणि एप्रिल आला. नळाला वीसवीस दिवस पाणी येईना. कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नव्हता, ऊसच नव्हता. दवाखान्यात टँकर कधी यायचा, कधी नाही. एका सोमवारी पंडितनं पाचही खाटांवरच्या लोकांना सांगितलं, की आजपासून प्रत्येकाला अडीचच तास. पाणी पुरत नाही.

शहादेवला हसावं की काय करावं कळेना. इतके महिने तो अडीच तासांसाठी भांडला होता. आता पाय चार तास थांबायला तयार, तर पाणी नाही.

"एका माणसाला किती लागतंय पंडित?"

"मशिनीतून सव्वाशे लिटर जातं. पण ते शुद्ध करताना जेवढं मिळतं तेवढंच वाया जातं. वर मशिन धुवायला. तीनशे धरा."

शहादेवनं मनात हिशेब केला. तीनशे लिटर. गावात घरटी दोन घागरी मिळत होत्या. त्या दिवसापासून त्याला दुसरीच चुळबुळ लागली, आणि तिच्यावर कॅप्सूल नव्हती. ओसरीवर उठायचा, बसायचा. दोन आठवड्यांत त्याच्या पायांवर सूज आली. धोंडीरामांना धाप लागायला लागली. ते खाटेवर आडवे होऊ शकत नव्हते, उशा लावून बसायचे. एका गुरुवारी त्यांची खाट रिकामी होती. पंडितनं विचारायच्या आधीच सांगितलं, "काल गेले."

शुक्रवारी सकाळी शहादेव कारखान्यावर गेला. लुना विकली होती, कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून गेला. कारखान्याच्या आवारात एक जुनी मोठी विहीर आहे. तिच्यात पाणी आहे हे त्याला ठाऊक होतं. पण संचालक अर्जुनराव समोर बसले होते, आणि त्यांचं आणि शहादेवचं जुनं होतं. एका वर्षी ऊस उदंड झाला होता तेव्हा अर्जुनरावांना आपला ऊस पाळी मोडून आधी तोडून हवा होता. शहादेवनं चिठ्ठी दिली नव्हती.

"बस," अर्जुनराव म्हणाले. "वाळलास की रे. काय काम काढलंस?"

"पाणी मागायला आलोय. माझ्या एकट्यासाठी न्हाई. मशिनवर अठरा जण हायेत."

"त्या वर्षी माझा ऊस फडात वाळला शहादेव."

"व्हय. पाळी न्हवती तुमची."

 अर्जुनराव म्हणाले, "आता तरी तुझी पाळी हाय का? विहिरीवर आधी वस्तीच्या बायांचा हक्क. त्यांना काय सांगू मी?"

"तुमी नका सांगू. मी इचारतो."

विहिरीच्या हौदाजवळ हंड्यांची रांग लागली होती. कामगारवस्तीतल्या बाया, ऊसतोडीहून परतलेल्या काही. शहादेवला त्यातल्या बऱ्याच जणी ओळखत होत्या. त्यानं उभ्याउभ्या सांगितलं, काय आजार, काय मशिन, अठरा माणसं, आणि एक परवा गेला. भिवराबाई नावाची जुन्या फिटरची बायको पुढं आली.

"येका माणसाला येका टायमाला किती लागतं?"

थोडं कमी करून सांगता आलं असतं. "तीनशे लिटर," तो म्हणाला.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मागून एक तरुण बाई बोलली, "आमी सात जणं दोनशे लिटरवर आठ दिवस काढतोय आप्पा. लेकरांना आंघोळ न्हाई." तिचा आवाज चढला नाही. शहादेवला वाटलं, निघून जावं. दोन पावलं मागं सरकलाही.

"गेला तो कोण?" भिवराबाईनं विचारलं.

"लिंबागणेशचा. धोंडीराम. आपल्याकडचा न्हाई."

"लेकरं?"

"दोन पोरी. एकीचं लग्न ऱ्हायलंय."

भिवराबाईनं हौदात बघितलं. मग तिनं बायांना काहीतरी हळू विचारलं. दोघीतिघी बोलल्या, एक तावातावानं. शेवटी ती शहादेवकडं वळली. "आमचं भरून झाल्यावर. दुपारी बारानंतर जे उरंल ते. आन् आठवड्याला दोनच टँकर. तिसरा दिसला तर मी सोता आडवी पडंन."

त्या तरुण बाईनं मान डोलावली नाही. तिनं आपला हंडा उचलला आणि निघून गेली. शहादेवला ती पुढं कित्येक दिवस आठवत होती.

अर्जुनरावांनी ट्रॅक्टर दिला आणि ऊसवाहतुकीतला एक ड्रायव्हर दिला. विहिरीचं पाणी जड निघालं. पंडितला गाळणी रोज धुवावी लागायची, दर खेपेला पाणी तपासावं लागायचं, पण चाललं. मेच्या मधल्या आठवड्यात वेळ साडेतीन तासांवर आली, जूनअखेर पुन्हा चारवर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शहादेव विहिरीवर जाऊन उभा राहायचा, टँकर बाराच्या आधी भरला जात नाही ना हे बघायला. वत्सलाबाई म्हणायची, घरी पडा जरा. तो म्हणायचा, मी न्हाई गेलो तर भिवराबाईला वाटंल फसवलं.

धोंडीरामांचं मात्र त्याच्या मनातून गेलं नाही. "आठ दिस आधी गेलो असतो तर," असं तो पंडितला म्हणायचा. पंडित म्हणायचा, तसं नसतं आप्पा, त्यांचं हृदय आधीच दमलं होतं. शहादेव ऐकून घ्यायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणायचा.

तो त्यानंतर तीन वर्षं जगला. एका बुधवारी उमापूरच्या बाजारात, वांगी घेता घेता, छातीत कळ आली आणि तो दुकानाच्या फळीवर बसला तो उठला नाही. वांगी विकणारी सांगत होती, बसला तेव्हा अगदी शांत बसला होता. वत्सलाबाईला हे पटलं नाही. ती म्हणाली, "न्हाई बाई, तसं असेल कसं."

अजून ती महिन्या-दोन महिन्यांनी बीडला जाते. मशिनवर कुणी नवीन आलं असलं तर त्याच्या बायकोला, आईला बाजूला घेते आणि विचारते, कुठल्या दिवशी काय दिलं आणि मग काय झालं, हे बघता का तुमी? आणि मग दोन बोटं जुळवून, सुईच्या भोकावर कुठं दाबायचं, ते त्यांना दाखवते.